बर्फ गेला, ससा पांढराच

पाणवठा : वाचकांचे प्रश्न, जुन्या नाकेदाराची (वनरक्षकाची) उत्तरं

रोही (नीलगायी) वावरात घुसतात त्यावर मागचे दोन महिने लिहून झालं. या वेळी टपालाच्या पिशवीतून निघाले ते सगळे ससेच. एक कॅनडातला, एक हिरवा, एक पांढरा आणि एक सोयाबीनच्या तासातला, म्हणजे ओळीतला. कॅनडातल्यापासून सुरुवात करतो, कारण त्या पत्रापायी नातीचा लॅपटॉप चार रात्री माझ्या ताब्यात होता आणि घरात त्यावरून कुरकुर झाली.

प्रश्न : लेकीच्या बाळंतपणासाठी ऑक्टोबर ते एप्रिल असे सहा महिने मी कॅनडात, एडमंटनला राहून आले. त्यांच्या घरामागच्या गवतात एक ससा रोज यायचा. मी गेले तेव्हा आपल्याकडच्यासारखाच मातकट होता. नोव्हेंबरात पाय पांढरे, पाठ मातकट. नाताळापर्यंत सगळा पांढराशुभ्र, फक्त कानांची टोकं काळी. जावई म्हणाले, थंडीने केस पांढरे होतात. मग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बर्फ वितळला, खालचं पिवळं गवत उघडं पडलं, आणि हा त्यावर पांढराच बसलेला! लांबून वाटावं, वाऱ्याने प्लास्टिकची पिशवी येऊन पडली. मला इतकी धास्ती वाटली की बाळ मांडीवर घेऊन मी खिडकीतूनच त्याला हाकलत होते. एवढा कसा वेडा हा? आणि हा खरंच तोच ससा, की पांढऱ्याची जात वेगळी?
– एक आजी, पुसद

उत्तर : ताई, आधी जावईबापूंचं निस्तरतो. थंडीने केस पांढरा होत नाही, कारण उगवून बाहेर आलेला केस मेलेला असतो. तुमच्या-माझ्या डोक्यावरही काळ्याचा पांढरा झालेला नाही. मुळाशी रंग भरणं बंद पडलं आणि पुढचा केस बिनरंगाचा आला. सशाचं तेच, फक्त दरवर्षी, आणि वसंतात पुन्हा उलट. मातकट केस झडतात, त्या जागी पांढरे उगवतात. जात एकच. हे एका रात्रीत होत नाही, दोन-अडीच महिने चालतं. म्हणून तर नोव्हेंबरात तो तुम्हाला पायमोजे घातल्यासारखा दिसला. हिवाळ्याच्या तोंडावर पांढरेपणा पायांकडून आणि कानांकडून सुरू होऊन पाठीवर चढतो. वसंतात मातकट रंग डोक्याकडून, पाठीकडून खाली उतरतो आणि पायांचा नंबर शेवटी लागतो.

आता तुमचा ससा कोणता ते. रंग बदलणारा ससा म्हटलं की पुस्तकं स्नोशू सशाचं नाव पुढे करतात. त्याचे मागचे पाय असे रुंद आणि केसाळ की भुसभुशीत बर्फात तो रुतत नाही, त्यावरून हे नाव. पण तो झाडीतला, झुडपांखालून फिरणारा प्राणी, वजनाला दीड किलोच्या आसपास. भर शहरात, उघड्या हिरवळीवर, मोटारींच्या आवाजात निवांत बसणारा म्हणजे बहुतेक पांढऱ्या शेपटीचा जॅकरॅबिट. नावात रॅबिट असलं तरी तो रानससाच, बीळ करून राहणारा रॅबिट नव्हे. आपल्या भाषेत दोघंही ससेच, त्यामुळे हा घोळ आपल्याला कळत नाही. जॅकरॅबिट तीन-चार किलोंचा, लांब कानांचा. तोही हिवाळ्यात पांढरा होतो आणि कानांची टोकं काळी ठेवतो. ऑक्टोबरात, अंग मातकट असताना, शेपूट पांढरी होती का एवढं लेकीला विचारा. होती म्हणाली तर निकाल लागला.

मुख्य गोष्ट पुढे आहे. हे ससे बर्फाकडे बघून रंग बदलत नाहीत. ते उजेडाचे तास मोजतात. १९४३ साली चार्ल्स लायमन या अमेरिकी संशोधकाने स्नोशू सशांना बंदिस्त ठेवून दिव्याचे तास कमी-जास्त करून पाहिले. उजेड कमी तास दिला की ससे पांढरे व्हायला लागले, जास्त तास दिला की मातकट. डोळ्यांतून शिरणाऱ्या उजेडावरून मेंदूला रात्र किती लांबली ते कळतं. रात्र लांबली की मेंदूतली पिनीअल ग्रंथी मेलॅटोनिन जास्त वेळ सोडते, त्यामुळे पुढे प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक कमी होतं, आणि केसांच्या मुळांना निरोप जातो : नवी लव काढा, रंग भरू नका.

तुम्ही होतात त्या एडमंटनला जूनच्या शेवटी दिवस १७ तासांचा असतो आणि डिसेंबरात साडेसात तासांचा. दुपारी साडेचारला अंधार पडायचा तो तुम्ही भोगलाच असेल. आपल्या नागपूरला सगळ्यात मोठा दिवस जेमतेम साडेतेरा तासांचा आणि सगळ्यात लहान पावणेअकराचा. तिकडे दिवसाची लांबी म्हणजे भिंतीवर टांगलेलं पंचांगच. सशाने ते वाचावं यात नवल नाही.

हे वाचता वाचता मला माझं वावर आठवलं. दारव्ह्याकडे चार एकर कोरडवाहू आहे, नोकरी सुटल्यावर त्यातच असतो. मृग नक्षत्र कधी लागतं? ७ नाही तर ८ जूनला, दरसाल. कारण ते सूर्यावरून ठरतं, ढगावरून ठरत नाही. एका वर्षी मी मृगावर भरवसा टाकून पऱ्हाटीची (कपाशीची) धूळपेरणी केली. दोन सरी आल्या, बी फुटलं, आणि मग बावीस दिवस आभाळ कोरडं ठणठणीत. कोंब ओळीतच करपले. बायको धुऱ्यावर (बांधावर) उभी राहून म्हणाली, "पंचांग पाह्यलं, आभाळ नाई पाह्यलं." बियाण्याच्या तीन पिशव्या मातीत गेल्या आणि आम्ही दुबार पेरणी केली.

ताई, तुमचा ससा एप्रिलात माझ्याच धुऱ्यावर उभा होता असं समजा. त्याने पंचांग बरोबर वाचलं होतं. बर्फ मात्र त्या पंचांगाप्रमाणे चालला नाही. आणि त्याला दुबार पेरणीची सोय नाही, केसांचं एक पीक निघायलाच दोन-अडीच महिने लागतात.

ही एका अंगणातली गोष्ट नाही. अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात संशोधकांनी स्नोशू सशांच्या गळ्यात रेडिओ पट्टे घालून वर्षानुवर्षं हेच मोजलं. बर्फ उशिरा पडला किंवा लवकर गेला तरी रंग बदलायला सुरुवात होण्याची तारीख हलत नाही असं त्यांना दिसलं. वसंतात बदलाचा वेग थोडा मागे-पुढे होतो, सवलत मिळते ती तेवढीच. रंग आणि जमीन जुळली नाही तर सशाची जगण्याची शक्यता आठवड्याला ७ टक्क्यांपर्यंत घटते, असा हिशेब त्यांनी २०१६ साली मांडला. आठवड्याला सात म्हणजे किरकोळ वाटतं. आमच्या सोसायटीचं व्याजही सुरुवातीला किरकोळच वाटायचं. लिंक्स नावाचं रानमांजर, कायोटी आणि मोठी घुबडं तिकडे टपलेली असतात, आणि पांढरा ससा मातकट जमिनीवर मुकाट बसून राहतो. आपण उघडे पडलोय याची खबर त्याला नसते. लपायचं म्हणजे न हलता बसायचं, एवढं एकच शास्त्र तो जाणतो, आणि बर्फ असतो तोवर ते शास्त्र शंभर नंबरी असतं.

मग अशा सशांचं पुढे होतं काय? एक जुना दाखला आहे. नॉर्वे आणि आइसलंडच्या मध्ये समुद्रात फेरो बेटं आहेत. तिथे १८५५ साली नॉर्वेहून डोंगरी ससे आणून सोडले. आले तेव्हा ते हिवाळ्यात पांढरे होत. पण बेटांवर बर्फ टिकत नाही. काही दशकांत पांढरे होणारे उरले नाहीत आणि आज तिथले ससे हिवाळ्यात पांढरे होत नाहीत. एकही ससा शहाणा झाला नाही. पांढरे झाले ते उघडे पडले, मातकट राहिले त्यांची पोरं वाढली. आयर्लंडातला डोंगरी ससाही असाच बहुतांश वर्षभर तांबूस राहतो.

दुसरी गोष्ट मला फार आवडली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे, जिथे हिवाळ्यातही बर्फ थोडाच, तिथले काही स्नोशू ससे बारा महिने मातकट राहतात. २०१८ साली असं उघड झालं की अगूटी नावाच्या ज्या जनुकामुळे हे होतं, त्याचा तो नमुना त्यांच्याकडे काळ्या शेपटीच्या जॅकरॅबिटकडून आलेला आहे. हा जॅकरॅबिट कधीच पांढरा होत नाही. म्हणजे फार पूर्वी केव्हातरी दोन जातींत सोयरीक झाली आणि त्यात हा आहेर आला. आपल्याकडे अशा सोयरिकीवर भावकी बसली असती. तिकडे नातवंडांचं भलं झालं.

तर ताई, तो वेडा नाही. आणि तुम्ही खिडकीतून हाकललंत ते चांगलंच केलंत, निदान जागचा हलला तरी.

प्रश्न : नाकेदारआजोबा, पावसाळ्यात सगळं रान हिरवं होतं. मग आपला ससा हिरवा का नाही होत? मॅडमनी सांगितलं की प्राण्यांचा रंग परिसरासारखा असतो. मी विचारलं तर वर्गात सगळे हसले.
– सहावीतली विद्यार्थिनी, ता. नेर

उत्तर : बेटा, ३१ वर्षं जंगलात काढली, मला हा प्रश्न एकदाही पडला नाही. हसणाऱ्यांना माझं नाव सांग.

केसात रंग भरायला शरीराकडे दोनच डबे असतात. एक काळा-तपकिरी, दुसरा तांबडा-पिवळा. ससा, कोल्हा, वाघ, तुझी शेळी, तू आणि मी, सगळ्यांचे केस या दोन डब्यांतूनच रंगतात. हिरव्याचा डबाच नाही. पांढरा मात्र सोपा, काहीच भरायचं नाही की झाला पांढरा. म्हणून बर्फाळ मुलखातल्या सशाला जे जमतं ते आपल्या सशाला जमत नाही. दक्षिण अमेरिकेत स्लॉथ नावाचा एक आळशी प्राणी झाडाला लटकून असतो, तो हिरवट दिसतो खरा. पण तो रंग त्याच्या केसांत उगवलेल्या शेवाळाचा. तुझ्या गावच्या विहिरीच्या पायऱ्या हिरव्या होतात, तसा.

आपल्या सशाचा एक गळलेला केस मिळाला तर उन्हात धरून बघ. एकाच केसावर गडद आणि फिकट पट्टे असतात. असे हजारो केस एकत्र आले की कुठलाच एक रंग दिसत नाही, वाळलं गवत, माती आणि सावली मिसळल्यासारखं दिसतं. वर्षातले सात-आठ महिने आपलं माळरान तसंच तर असतं. उरले पावसाळ्याचे महिने. तेव्हा गवत एवढं वाढतं की सशाला रंगाची गरज कमी, आत शिरलं की झालं. शिवाय कोल्ह्याला लाल आणि हिरवा रंग आपल्यासारखे वेगळे दिसत नाहीत. हिरव्या गवतातला तांबूस ससा तुझ्या डोळ्याला खुपतो, तेवढा त्याच्या डोळ्याला खुपत नाही. गरुडाची गोष्ट निराळी, त्याला रंग चांगले कळतात. म्हणून ससा उघड्यावर येतो तो दिवस मावळल्यावर.

माझी फजिती सांगतो. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात मी बीटच्या डायरीत लिहिलं, "सशाच्या दोन जाती दिसल्या, एक तांबूस, एक काळपट." आमच्या रेंजर साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "नाकेदार, ससा वाळू द्या, मग मोजा." ओला ससा होता तो.

ऋतूप्रमाणे रंग बदलणारे आपल्याकडेही आहेत, फक्त ते बर्फासाठी बदलत नाहीत. मृगाचा पहिला दणका पाऊस झाला की रात्रभर डराव-डराव चालतं ना? सकाळी डबक्यावर जा. मोठे बेंडूक हळदीने माखल्यासारखे पिवळेजर्द झालेले असतात, गळ्याजवळचे फुगे निळे. ते सगळे नर. बेडकाची कातडी जिवंत असते, रंग त्यातल्या पेशींमध्ये असतो, म्हणून तो पटकन पिवळा होतो आणि लग्नसराई आटोपली की परत मातकट होतो. सशाच्या मेलेल्या केसाला हे जमणार नाही. सुगरणीचा नर विणीच्या हंगामात डोक्यावर आणि छातीवर पिवळा होतो. त्याचं मात्र सशासारखं आहे, पीसही मेलेलं, त्यामुळे जुनी पिसं झडून नवी यावी लागतात.

आणि एक फुलपाखरू आहे, तपकिरी, संध्याकाळी अंगणातल्या दिव्याजवळ येऊन बसणारं. पावसाळ्यात जन्मलेल्याच्या पंखांखाली गोल डोळे असतात. पाऊस संपल्यावर जन्मलेलं फुलपाखरू हुबेहूब सागाच्या वाळक्या पानाच्या तुकड्यासारखं, डोळे जवळजवळ गायब. आई-लेकरंच, पण ओळखू येणार नाहीत. जुलैत एक काढ वहीत, डिसेंबरात दुसरं काढ. मॅडमना दाखव आणि मलाही पाठव.

तुला एक गंमत दिसली का? मृगाचे किडे, ते लाल मखमलीचे, माती भिजल्याशिवाय वर येत नाहीत. ७ जून आली म्हणून येत नाहीत. बेंडूकही पाण्याची वाट बघतो. आजीच्या त्या कॅनडातल्या सशाने तेवढं शिकायला हवं होतं.

प्रश्न : डिसेंबरात हरभऱ्याच्या वावरात जागलीला असताना टॉर्चच्या उजेडात पांढराफेक ससा दिसला. डोळे लाल. गावात म्हणतात हा बर्फातला ससा, थंडीमुळे इकडे आला. पकडून ठेवू का? लोक बघायला येतील.
– कास्तकार, ता. दिग्रस

उत्तर : भाऊ, बर्फातला ससा हिमालय ओलांडून दिग्रसच्या हरभऱ्याला येत नसतो. आपल्याकडचा रानससा कोणत्याही थंडीत पांढरा होत नाही. दोन शक्यता आहेत. पहिली आणि जास्त खरी वाटणारी : कोणीतरी पाळलेला, पिंजऱ्यातून सुटलेला किंवा कंटाळून सोडून दिलेला पांढरा ससा. तो रानससा नाहीच, युरोपातल्या बीळ करणाऱ्या सशाची पाळीव अवलाद. त्याचे कान आखूड, अंग गोलमटोल, आणि माणूस पाहून तो उधळत नाही, नाक हलवत बसतो. दुसरी : रानसशाचंच रंगहीन पिल्लू. जन्मतःच रंग तयार होत नाही, म्हणून डोळेही लाल दिसतात. पण असं पिल्लू लांब कानांचं, लांब टांगांचं असेल आणि टॉर्च पडताच उड्या मारत धुऱ्यापार होईल. टॉर्चमध्ये डोळा लाल चमकण्यावर जाऊ नका, आपल्या साध्या सशाचाही चमकतो. डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांवरून उजेड परत फिरतो त्याचा तो खेळ.

पाळीव निघाला तर उचलून घरी न्या, रानात तो आठवडाभर काढणार नाही. रानससा निघाला तर हात लावू नका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा सशालाही आहे, पांढऱ्याला आणि तांबड्याला सारखाच. लोक बघायला येतील तसे आमचे खात्यातले लोकही येतील.

हरभऱ्याचे शेंडे खातो म्हणून राग असेल तर तो मला समजतो, माझ्याही वावरात खातो. पण ससा जे खातो त्यापेक्षा रोही एका पायाखाली जास्त तुडवतो. कुंपणात करंट मात्र सोडू नका. नोकरीत असताना अशा तारेवर मी रानडुकरापेक्षा माणूस आधी पाहिला आहे.

प्रश्न : ससा स्वतःच्याच लेंड्या खातो म्हणे. खरं का?
– दोन मित्र, आर्णी (पैज लागली आहे)

उत्तर : खरं. पण वाळक्या, टणक लेंड्या नाही. तो एक मऊ, चिकट प्रकारही टाकतो आणि तो थेट तोंडाने उचलून गिळतो. गवत एका फेरीत पचत नाही, म्हणून दोनदा पोटातून काढतो. गाय रवंथ करते, हा वेगळ्या दाराने करतो. पैज कोण जिंकलं ते कळवा, आणि जाता जाता हेही : ससा उंदरांच्या गणातला नाही. त्याच्या वरच्या पुढच्या दोन दातांच्या मागे आणखी दोन लहान दात असतात, म्हणून १९१२ पासून शास्त्रज्ञांनी त्याचा गण उंदीर-घुशींपासून वेगळा धरला.

प्रश्न : सोयाबीन सोंगताना सशाची पिल्लं सापडतात. बाया घरी आणतात, दूध पाजतात, दोन-तीन दिवसांत मरतात. बीळ शोधून परत ठेवावं म्हटलं तर बीळ सापडतच नाही. काय करावं?
– सोंगणीच्या टोळीतली एक, ता. दारव्हा

उत्तर : ताई, बीळ सापडणार नाही, कारण ते नसतंच. चित्राच्या पुस्तकांत ससा बिळातून डोकावतो तो पाळीव सशाचा पूर्वज. आपला ससा जमिनीवर, गवतात किंवा पिकात, अंगाच्या मापाचा खळगा दाबून तिथेच बसतो. माझा पाय एकदा जाळरेषेवर (वणवा अडवायला जंगलात मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावर) चालताना अशा खळग्यापासून वीतभर अंतरावर पडला, तेव्हा कुठे तो उठला. त्याचं पिल्लूही उघड्यावरच जन्मतं, पण तयारीने : अंगावर केस, डोळे उघडे. पाळीव सशाचं पिल्लू उघडं-बोडकं, आंधळं असतं. आई दिवसभर पिल्लाजवळ फिरकत नाही, कारण तिच्या वासाने कोल्हा येईल. ती अंधार पडल्यावर येते, पाजते आणि निघून जाते. दुपारी एकटं दिसलं म्हणजे पोरकं झालं असं नसतं. घरी नेलं की आईला ते सापडत नाही, आणि गाईचं दूध त्याला सोसत नाही. मरतं ते त्यामुळे.

सापडलं तिथेच राहू द्या. विळ्याच्या वाटेत असेल तर मूठभर गवतासकट उचलून चार पावलांवर, त्याच ओळीत ठेवा. आणि जमलं तर त्याच्याभोवतीचं पीक शेवटी सोंगा.

मागच्या सोंगणीला माझ्याच वावरात दोन पिल्लं निघाली. टोळीतल्या म्हातारीने काही न विचारता तेवढी चार हात सोयाबीन उभी ठेवली, मजुरी पूर्ण घेतली आणि म्हणाली, "उद्या सकायी मीच येतो, एकटी." सकाळी तिच्या मागोमाग मीही गेलो. उभ्या पिकात दोन खळगे होते, तळहाताएवढे, आत थोडे मऊ केस. तिने खळग्यात हात घालून पाहिला, विळा उचलला आणि उरलेलं पीक सोंगून टाकलं.